रत्नपालच्या कार्डाचा कोपरा

गोरेगाव
ता. १६ जून १९९९

शिवकन्या,

आन् मी काही नवस फेडाया गेलतो न्हाई, हे आदीच सांगून ठेवतो. छत्तीस वरसं रेल्वेत गँगमन व्हतो, पटरीवर घन मारला, त्याचा फुकटचा पास मिळतो. वापरला न्हाई तर वाया जातो. म्हनून गेलो. तुझ्या काकूला वैष्णोदेवी पाहायची व्हती. पाहिली. डोंगर हाय, पायऱ्या हायेत, गर्दी हाय. झालं.

तकलीफ म्हनशील तर येता-जाता गाडीत. भुसावळला झेलम चार घंटे उशिरा आली. काकूचे पाय सुजून खांबावानी झाले. जम्मूच्या टेसनावर पाय ठेवाया जागा न्हाई, सगळी फौज. कारगिलला लढाई लागली हे रेडिओवर ऐकलं व्हतं, पन एवढी पोरं वर जाऊन राहिली हे डोळ्यानं पाहिलं तवा कळलं.

तिथं तुझ्या बाळापूरचं एक पोरगं भेटलं. रत्नपाल नाव. बाप हरिचंद, माय केशरबाई. तू शाळेत शिकवती म्हनलो तर म्हनला, मास्तरीनबाई आमच्याच गल्लीत खोली करून राहातात. त्यानं घरच्यासाठी एक पोस्टकार्ड दिलं, हातात द्या म्हनला. आता तूच सांग, बाळापूर माझ्या वाटंवर हाय का? हिंगोलीला उतरलो, तिथून गोरेगावची जीप एका अंगाला आन् बाळापूर दुसऱ्या अंगाला. टेसनाबाहेरच्या डाकेच्या डब्यात टाकून दिलं. पोचलं का तेवढं पाहा.

तुझा बाप असता तर त्याला बी हेच लिहिलं असतं, जम्मूला जाऊ नको, पाय दुखतात.

पत्त्यावर आता जि. परभणी लिहू नको. मे महिन्यापासून हिंगोली जिल्हा झाला. डाक मातर तितक्याच दिवसानं येती.

सोनाजी


आखाडा बाळापूर
२३ जून १९९९

तीर्थरूप तात्यांना शिवकन्याचा नमस्कार.

कार्ड पोचलं. कसं पोचलं ते लिहिते.

परवा मी शाळेत होते. चौथीतली एक मुलगी पळत आली, "बाई, रत्नपालदादा गेले, चला." मी खडू टाकून धावले. हरिचंददादांच्या दारात पंचवीस-तीस माणसं. केशरबाई ओट्यावर आडव्या पडलेल्या, बाया तोंडावर पाणी मारत होत्या. रत्नपालची बायको संध्या भिंतीला टेकून बसलेली, डोळ्यांत पाणी नाही, नुसती मनगटाकडं पाहत होती. मनगटातून रक्त. शेजारच्या जिवनबाईंनी तिच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या होत्या. चौथा महिना आहे तात्या तिला.

मी विचारलं, तार आली का? कोण आलं होतं? तर सगळ्यांनी ओट्याच्या कडेकडं बोट दाखवलं. तिथं एक पोस्टकार्ड पडलं होतं. त्याचा एक कोपरा फाटलेला.

कोपरा फाटलेलं कार्ड कशाचं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पोस्टमननं ते पाहिलं, उंबऱ्याच्या आत दिलं नाही, मान खाली घालून ओट्यावर ठेवलं आणि निघून गेला. त्या घरात त्या वेळी वाचता येणारं संध्या एकटीच. तिला कोणी ते कार्ड उचलूच दिलं नाही. मयतीचं कार्ड पोटुशीनं हातात घेऊ नये म्हणाले.

मी उचललं. रत्नपालच्याच हातचं. "आई, मी खुशाल आहे. वर चाललो आहे, पंधरा-वीस दिवस पत्र येणार नाही, घोर करू नये. धम्मदीपला सांगावे कॉलेज बुडवू नको." धम्मदीप त्याचा धाकटा भाऊ. मी मोठ्यानं वाचलं. कोणाला खरं वाटेना. तीन वेळा वाचून घेतलं. जिवनबाई तर म्हणाल्या, मास्तरीनबाई मनचंच वाचून राहिल्या, पोटुशी हाय म्हनून.

शेवटी संध्यानं कार्ड ओढून घेतलं, स्वतः वाचलं आणि मग रडली.

पण त्या चार ओळी संपल्यावर कडेनं तिरपं, घाईघाईनं लिहिलेली आणखी एक ओळ आहे. "आणि एक गोष्ट संध्याबद्दल. बाबांनी नीट ऐकावं. मला काही" एवढंच. पुढचं त्या फाटलेल्या कोपऱ्यात गेलं.

दोन दिवस घरात तेच चाललं आहे. मला काही, म्हणजे काय? तात्या, कार्ड तुमच्याकडं होतं तेव्हा कोपरा शाबूत होता का?

शिवकन्या


गोरेगाव
ता. २९ जून

शिवकन्या,

डाकेच्या पिशवीत हजार कागद घुसळतात. फाटलं असंल. मी काही त्याची राखन करत बसलो न्हाई.

आन् एवढ्या लोकायला एक कोपरा दिसला पन अक्षर दिसलं न्हाई? सरळ लिहिलंय की मी खुशाल हाय. त्या जिवनबाईला कोनी बोलावलं व्हतं बांगड्या फोडाया? काचेच्याच हायेत, कासाराला बोलवा आन् भरून टाका. पोरगं जितं हाय आन् घरात सुतक धरून बसल्यावानी काहून करून राहिले?

राहिलेल्या ओळीचं म्हनशील तर त्यालाच इचारा. फौजेचा पत्ता असंल कार्डावर. संध्याला म्हनावं, कार्ड टाक, इचार, काय लिहिलं व्हतं. तो सांगंल. पंधरा दिवसात काम व्हतं. ह्याच्यासाठी मला इचारायचं कारन न्हाई.

काकूचे पाय उतरले. पाऊस बरा हाय.

सोनाजी


आखाडा बाळापूर
१७ जुलै

तात्या,

तुम्ही सांगितलं तसं संध्यानं पत्र टाकलं होतं. इनलँडवर. मी पत्ता घालून दिला. बांगड्या मात्र भरल्या नाहीत. म्हणाली, त्यांच्या हातचं उत्तर आलं की त्या दिवशी भरीन. केशरबाई रोज अकराला पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायच्या. तो गल्लीत वळला की त्याच्या हाताकडं पाहायच्या, कागदाच्या चारी कडा बघायच्या. तो बिचारा लांबूनच हात हलवायचा, काही नाही म्हणून.

आठ तारखेला तार आली.

पोस्टमन दारात आला, तार पुढं केली. हरिचंददादा बैलाला पाणी दाखवत होते, त्यांनी घेतली. इंग्रजीत. मला बोलावलं. मी मनातल्या मनात वाचली. तेवढ्यात केशरबाईंनी माझ्या हातातून तार घेतली. उलटी केली, सुलटी केली, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"कोपरा तर बराबर हाय," त्या म्हणाल्या. "हाय का न्हाई बाई? चारी बराबर हायेत. म्हंजी खोटी हाय. मागल्या बारीवानी."

आणि आत जाऊन भाकरी थापायला बसल्या. तात्या, त्यांनी सगळ्यांसाठी भाकरी केल्या. मला आग्रह करून वाढलं. दादांना मी हळूच सांगितलं, तर तेही त्यांच्यासमोर बसून भाकरी मोडत राहिले. पाचव्या दिवशी मिलिटरीच्या गाडीतून पेटी आली तोपर्यंत ती बाई तसंच म्हणत होती, कोपरा बराबर हाय.

पेटी उघडू दिली नाही. फैरी झाडल्या तेव्हा तीन म्हशी दावं तोडून पळाल्या. सगळं गाव होतं, कळमनुरीहून साहेब आले, भाषणं झाली. दादा मधेच उठून म्हशी धरायला गेले. संध्याला कोणी बांगड्या फोड म्हणालं नाही. फोडायला काही नव्हतंच हातात.

त्याच्या सामानाबरोबर संध्याचं पत्र परत आलं. न उघडलेलं.

आता त्या ओळीत काय होतं ते सांगणारं कोणी उरलं नाही. तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं.

शिवकन्या


गोरेगाव
ता. २४ जुलै

शिवकन्या,

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं न्हाई. दोन दिवस मीच घेऊन बसलो.

डाकेत फाटलं न्हाई ते. मी फाडलं.

कसं ते सगळं सांगतो. जम्मूला दुपारची येळ, ऊन असं की लोखंडाला हात लागंना. टेसनावर एका बाकड्यावर फौजेच्या पोरांचे बोजे ठेवलेले. काकूला बसाया जागा न्हाई. मी पायानं एक बोजा सरकवला आन् म्हनलो, "सरकारचं फुकटचं खायाचं आन् वरून जागा बी अडवायची." मराठीतच बोललो. मला वाटलं, तिथं कोनाला कळतंय.

बोजेवाला वळला. लहानच पोरगं, नाकावर घाम. हसला. म्हनला, "व्हय तात्या, फुकटचंच खातो. मावशीला बसू द्या. कोन्या गावचे?"

माझ्या खिशात रेल्वेचा फुकटचा पास व्हता, शिवकन्या. मला बाकड्याखाली जावं वाटलं.

त्यानं बोजे खाली घेतले. काकूचा कंठ सुकलता, तिला त्यानं आपली पान्याची बाटली दिली. तिनं सगळी पेली. मी म्हनलो, आरं थोडं ठिव, तर म्हनला, नळ हाय ना, भरतो की. पन नळाला लाइन. तेवढ्यात त्यांचा साहेब शिट्टी मारून राहिला, गाड्यात बसा म्हनून. पोरगं रिकामी बाटली कमरंला लावून गेलं. मी पाहात राहिलो. माझ्या हातात तांब्या व्हता, त्याच्यात पानी बी व्हतं. मला सुचलं न्हाई.

जायच्या आदी दोन गोष्टी बोलला. बायको बारावी पास, म्हनला माझ्याहून हुशार, मी दोनदा नापास. कार्ड लिहून ठेवलेलं व्हतं. देताना म्हनला, थांबा, एक राहिलं. गुडघ्यावर ठेवून कडंनं तिरपं लिहिलं. आन् म्हनला, "तात्या, डाकेत नका टाकू, हातात द्या. मायला वाचता येत न्हाई, तुमीच वाचून दाखवा. बाबा तुमच्यासारख्या मानसाचं ऐकतात." मी म्हनलो, बरं बरं, जाय.

भोपाळच्या पुढं तंबाखूची तलफ आली. चुन्याची डबी सुकून दगड झालेली, नखानं निघंना. खिशात कार्ड व्हतं. कोपरा फाडला, त्यानं चुना उकरला, आन् खिडकीतून फेकून दिला.

बस. एवढ्यासाठी.

त्याच्यावर काय व्हतं ते मी वाचलं न्हाई. सरळ चार ओळी वाचल्या व्हत्या, बोट ठेवून, तुझी पत्रं वाचतो तशाच. तिरपं मला वाचता येत न्हाई, आन् मला वाटलं कडंला लिहितात ते लहान्यांना आशीर्वाद असत्यात. सोडून दिलं.

मागल्या पत्रात तुला खोटं लिहिलं. जिंदगीत मी कोनाला खोटं बोललो न्हाई, लबाड मानूस मला दारात चालत न्हाई, हे तुला ठाव हाय. हे एक झालं.

सोनाजी


आखाडा बाळापूर
२९ ऑगस्ट

तात्या,

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. महिना झाला, उत्तर काय द्यावं कळत नव्हतं. आज लिहिते आहे कारण आता वेळ उरली नाही.

रत्नपालच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले होते, संध्याचे आईवडील आले होते. आलेली माणसं पांगल्यावर हरिचंददादांनी विषय काढला. संध्या बाळंत झाली की धम्मदीपबरोबर तिचं लग्न लावायचं. लेकरू घरचं घरात राहील, सून लेकीसारखी राहील. दादा वाईट माणूस नाहीत तात्या. त्यांच्या डोळ्यांसमोरून एक गेला, आता नातवंडही जाईल या धास्तीनं बोलतात. धम्मदीप एकोणीस वर्षांचा. तो खाली मान घालून बसला. कालपर्यंत तिला वहिनी म्हणत होता.

संध्याला नर्सिंगला जायचं आहे. नांदेडला. रत्नपालनं तिला मागच्या सुट्टीत तसं कबूल केलं होतं, पण ते दोघांतच. कोणी ऐकलेलं नाही.

आणि आता सगळं त्या कोपऱ्यावर येऊन थांबलं आहे. दादा म्हणतात, त्यानं लिहिलं होतं, बाबांनी नीट ऐकावं, मला काही झालं तर तिला घराबाहेर जाऊ देऊ नका, धम्मदीपच्या पदरात घाला. दुसरं काय लिहील? संध्या म्हणते, नाही, त्यांनी नर्सिंगचं लिहिलं असणार. दादा म्हणतात, दाखव. ती काय दाखवणार?

परवा तिनं जेवण सोडलं. सातवा महिना लागेल आता. म्हणते, मी माहेरी पण नाही जाणार आणि इथं धम्मदीपची होऊन पण नाही राहणार. मला तिची भीती वाटते.

बारा सप्टेंबरला रविवारी दोन्हीकडची माणसं बसून कायमचं ठरवणार आहेत. तुम्ही या. निदान कार्ड कोणी फाडलं ते तरी त्यांना कळू द्या. इथं काहीजण म्हणतात की संध्यानंच तिच्या सोयीसाठी फाडलं.

शिवकन्या


गोरेगाव
ता. ४ सप्टेंबर

शिवकन्या,

संध्यानं फाडलं म्हनत्यात? कोन म्हनतं त्याचं नाव काढून ठिव.

येतो. सकाळी हिंगोलीची जीप, तिथून यष्टी. जेवाया करू नको. काकूला सांगितलं न्हाई, ती रडंल.

सोनाजी


आखाडा बाळापूर
२१ सप्टेंबर

तात्या,

तुम्ही चहाही न घेता उठून गेलात. मी मागून हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. त्या दिवसापासून तुम्हाला लिहावं की नाही असं चाललं होतं.

मी दारात उभी होते. काय पाहिलं ते लिहिते.

तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात ते टोपी हातात घेऊन. जयभीम म्हणालात आणि कोणी बसा म्हणायच्या आत बोलायला लागलात. "म्या सोनाजी, गोरेगावचा. कार्ड तुमच्या लेकानं माझ्याकडं दिलतं. कोपरा मी फाडला. तंबाखूचा चुना उकराया. ह्या पोरीनं हात लावला न्हाई, जो म्हनतो तो पुढं यावा."

कोणी पुढं आलं नाही. धम्मदीप मात्र उठला. दादांनी त्याचं मनगट धरून खाली बसवलं. केशरबाई आतून म्हणाल्या, "चुन्याला? माझ्या लेकाचं?" त्या आवाजावर तुम्ही मान वर केली नाही.

दादांनी विचारलं, "फाडायच्या आदी वाचलं व्हतं का?"

तुमचं उत्तर मला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "वाचलं."

दादा तुमच्याकडं पाहत राहिले. मग उठले, पत्र्याच्या डब्यातून ते कार्ड काढलं. मी पुढं झाले तर म्हणाले, "बाई, तुमी नका. हे म्हनतात वाचलं, तर हेच वाचतील."

तुम्ही चष्मा लावला. कार्ड मांडीवर ठेवलं आणि बोट ठेवून वाचायला लागलात. आ, ई, मी, खुशाल. आमच्या पहिलीतली लेकरं वाचतात तसं. चार ओळींना किती वेळ लागला. दादा मधेच म्हणाले, "आता तिरपं." तुम्ही कार्ड फिरवलं. कपाळावरून घाम तुमच्या चष्म्यावर पडला, तो पुसला नाही. "आनि एक गोष्ट. संध्याबद्दल. बाबांनी नीट. ऐकावं. मला. काही."

तिथं कार्ड संपलं, तात्या. तुमचं बोट फाटक्या कडेवरून पुढं सरकलं, धोतरावर आलं, आणि आवाज थांबला नाही. "झालं तर. संध्याला. कोनी अडवायचं न्हाई. तिला शिकू द्या. लेकरू. तिच्यापाशी. ती म्हनंल. तसंच करा." त्याच चालीनं, तसंच अडखळत. बोट धोतरावर एकेक अक्षर पुढं जात होतं.

गल्लीतल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

दादा म्हणाले, "शपथ घेता का?"

तुम्ही म्हणालात, "शपथ घ्यायला मी लबाड वाटतो का तुमाला? गोरेगावात कोनालाबी इचारा. पासष्ट वरसाचा हाय, सोनाजी खोटं बोलला असं सांगनारा एक आना माझ्यासमोर."

दादांनी कार्ड परत डब्यात ठेवलं. किती तरी वेळ झाकणावर हात ठेवून बसले. "पोरगं असंच बोलायचं मला," म्हणाले. "बाबांनी नीट ऐकावं म्हनं. बापाला दटावल्यावानी." मग धम्मदीपला म्हणाले, "उद्यापासून कालेजात जाय." केशरबाईंना म्हणाले, "चा ठिव." तोपर्यंत तुम्ही उठला होतात.

आता ठरलं आहे. संध्या बाळंतपणाला माहेरी जाईल आणि पुढच्या वर्षी नांदेडला. लेकरू तिच्याजवळ. दादा महिन्यातून एकदा भेटायला जातील. ती जेवते आहे.

काल ती माझ्या खोलीवर आली. दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तात्यांना एक विचारा. ते शब्द खरंच ह्यांचे होते का? ठरलं ते ठरलं, मी कोणाला सांगणार नाही. पण ते माझ्यासाठीचं त्यांचं शेवटचं आहे. असतील तर मी जन्मभर धरून ठेवीन. नसतील तर खोटं धरून कशी बसू?"

मी तिला काय सांगू? तुमचं चोवीस जुलैचं पत्र माझ्या पेटीत आहे. त्यात तुम्ही तुमच्या हातानं लिहिलं आहे की तुम्ही वाचलं नाही. तेव्हा खरं लिहिलं की बैठकीत खरं बोललात?

शिवकन्या


गोरेगाव
ता. २९ सप्टेंबर

शिवकन्या,

पत्र पोचलं. उडीद काढून झालं. काकूला कोनीतरी सगळं सांगितलं, चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई, आता बोलून राहिली.

संध्यानं इचारलं ते बराबर इचारलं. तिचा हक हाय. तिच्या जागी मी असतो तर मी बी इचारलं असतं. तिला रागावलो न्हाई म्हनून सांग.

बैठकीत मी जे बोललो ते पंचवीस मानसांनी ऐकलं. त्याच्यातलं एक अक्षर मी कमी करनार न्हाई आन् एक वाढवनार न्हाई. व्हते म्हनावं, न्हवते म्हनावं, दोन्हीतलं एक बी माझ्या हातानं कागदावर पडनार न्हाई. जुलैचं पत्र तुझ्यापाशी हाय. ठिव म्हनत न्हाई, जाळ बी म्हनत न्हाई. तू शिकलेली हायेस, तुझं तू पाहा.

तिला इकडं पाठवू नको. आली तर काकू जेवाया वाढंल, चार दिवस ठेवून घेईल. मी शेतात जाईन.

पुन्हा इचारू नको. पत्र टाकलं तरी हेच, तू सवता आली तरी हेच. मी सांगनार न्हाई.

सोनाजी